सभेत बोलण्याची भीती: आधी पहिलं मिनिट पक्कं करा

सभेत बोलायचं ठरलं की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. आधी सगळं भाषण लिहून काढतात, ते शब्दन्‌शब्द पाठ करतात, सराव मनातल्या मनात करतात आणि नाव पुकारलं की भीती आवरायला बघतात. हा क्रमच चुकीचा आहे. पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. मनातल्या सरावात तोंड, श्वास आणि पाय यांची तयारी होतच नाही. आणि छाती एकदा धडधडायला लागली की तिला "शांत हो" म्हणून ती ऐकत नाही.

भीतीचा जोर सर्वांत जास्त असतो तो उठण्याआधीची काही मिनिटं आणि बोलायला लागल्यावरचं पहिलं एक-दोन मिनिट. बोलणं न थांबता चालू राहिलं तर बहुतेकांचा हा जोर आपोआप उतरतो. म्हणून सगळी भीती घालवायच्या मागे लागू नका. पहिलं मिनिट इतकं पक्कं करा की धडधडत्या छातीनेही ते पार पडेल.

खालचे टप्पे ५ ते ७ मिनिटांच्या भाषणासाठी आहेत: शाळेतली शाहू जयंती, तालमीचा कार्यक्रम, दूध संस्थेची वार्षिक सभा, निरोप समारंभ, कॉलेजातलं सादरीकरण. हाताशी आठ-दहा दिवस असावेत. दोनच दिवस मिळाले तर टप्पा ३, ४ आणि ८ तरी सोडू नका.

## आपल्याला नेमकं काय होतं ते ओळखा

मेंदूला धोका वाटला की रक्तात अ‍ॅड्रेनलिन येतं. त्याचे परिणाम प्रत्येकावर वेगळे होतात आणि उपायही वेगळे लागतात. गेल्या वेळी आपलं काय झालं होतं ते आठवा आणि खालच्यातलं आपलं हेरून ठेवा.

- तोंड कोरडं पडणं. लाळ कमी होते, जीभ टाळूला चिकटते. एका दमात तांब्याभर पाणी पिऊन काही होत नाही. तासभर आधीपासून घोट-घोट घ्यावं लागतं.
- आवाज कापरा आणि बारीक होणं. श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, गळ्याचे स्नायू ताणले जातात. लांब उच्छ्वास आणि आखूड वाक्यं हा यावरचा उपाय.
- हात थरथरणं. हे मनाच्या जोरावर थांबत नाही. हातात काय धरायचं ते बदलावं लागतं.
- पाय लटपटणं. गुडघे ताठ आवळून उभं राहिलं की लटपट वाढते. बराच वेळ तसं उभं राहिलं तर चक्करही येऊ शकते.
- बोलण्याचा वेग वाढणं. हे बोलणाऱ्याला स्वतःला कळत नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तरच कळतं.

छातीची धडधड थांबवायची गरज नाही. ती फक्त तुम्हाला ऐकू येते, तिसऱ्या रांगेतल्या माणसाला नाही. आतून जेवढं हलल्यासारखं वाटतं त्यातलं फार थोडं बाहेर दिसतं. आणखी एक उपयोगाची गोष्ट. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आलाय" असं म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. अंगात आलेला जोर खोटा ठरवण्यापेक्षा तो कामाला लावणं सोपं जातं.

## टप्पा १: होकार देतानाच सहा गोष्टी विचारा

अर्धी भीती माहिती नसल्याची असते. संयोजकांना एकाच फोनमध्ये हे विचारून घ्या:

1. मला किती मिनिटं आहेत?
2. माझ्या आधी कोण बोलणार, नंतर कोण?
3. समोर किती लोक असतील आणि कोण: विद्यार्थी, सभासद, महिला बचत गट, की सगळेच?
4. बंद सभागृह आहे, मांडव आहे की उघडं मैदान?
5. माइक उभा आहे, हातातला आहे की पोडियमवरचा?
6. अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे कोण? नावं पदासह, लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणावं.

खबरदारी: पत्रिकेत छापलेल्या नावांवर विसंबू नका. पाहुणे ऐन वेळी बदलतात. त्या दिवशी सूत्रसंचालकाच्या हातातल्या यादीशी नावं एकदा ताडून घ्यायची.

## टप्पा २: लिहिण्याआधी एक वाक्य ठरवा

"लोकांनी घरी जाताना कोणती एक गोष्ट लक्षात ठेवावी?" याचं उत्तर एका वाक्यात कागदावर येत नाही तोवर भाषण लिहायला बसू नका.

शाहू जयंतीच्या भाषणात हमखास होणारी चूक बघा. जन्म १८७४, दत्तकविधान १८८४, राज्यारोहण १८९४, आरक्षणाचा जाहीरनामा १९०२, सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९१७, निधन १९२२. पाच मिनिटांत सहा सनावळ्या, मध्ये राधानगरीचं धरण आणि वसतिगृहं. यातला एक सन विसरला की मूल जागच्या जागी गोठतं, कारण पुढचं सगळं त्या सनाला टांगलेलं असतं. त्यापेक्षा एकच वाक्य घ्या: "पोरांना शाळेत पाठवणं ही पालकांची मर्जी नाही, जबाबदारी आहे, हे महाराजांनी कायद्याने सांगितलं." मग मुद्दे आपोआप तीन होतात: तेव्हा शाळेत कोण जात नव्हतं आणि का; सक्ती म्हणजे काय केलं; आज आपल्या वर्गातून कोण गळतंय. हे विसरायला अवघड आहे, कारण एकातून दुसरं निघतं.

दूध संस्थेच्या सभेतही तेच. "संस्थेचा कारभार सुधारला पाहिजे" यावर कुणालाच पाच मिनिटं धड बोलता येणार नाही. "फॅट मोजायचं यंत्र दर महिन्याला सभासदांसमोर तपासा" यावर कुणीही बोलेल, कारण पुढे काय बोलायचं ते वाक्यातच आहे.

तपासणी: ते वाक्य घरातल्या एखाद्याला सांगा आणि दहा मिनिटांनी त्यांना विचारा, "मी काय म्हणालो?" त्यांना सांगता आलं नाही तर वाक्य अजून पसरट आहे.

## टप्पा ३: सुरुवात आणि शेवट शब्दशः, मधलं मुद्द्यांनी

भाषणाचे फक्त दोनच तुकडे पाठ करायचे: पहिली पाच-सहा वाक्यं आणि शेवटची दोन. मधलं पाठ करायचं नाही.

नमन. आपल्याकडे व्यासपीठावरच्या नावांची यादी हीच अनेकांची पहिली ठेच असते. सूत्रसंचालकाने दहा नावं घेतलेली असतात, आधीच्या वक्त्याने तीच परत घेतलेली असतात. तुम्ही अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे एवढी दोनच नावं घ्या, पुढे "व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो" पुरेसं आहे. कुणाचा मान राहिला असं होत नाही. चुकीचं नाव किंवा चुकीचं पद मात्र खटकतं, आणि चूक लक्षात आली की पहिल्या वाक्यातच धीर सुटतो.

पहिलं वाक्य. दहा-बारा शब्दांच्या आत. एका श्वासात सहज बसलं पाहिजे. शाळेत शिकवलेलं "मी आज तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही माझी नम्र विनंती" हे वाक्य सोडून द्या असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात अपमान काही नाही, पण घाबरलेल्या माणसाचा सगळा श्वास त्यातच संपतो आणि मुद्द्याचं पहिलं वाक्य धापा टाकत येतं.

"मी काही वक्ता नाही", "माझी तयारी झालेली नाही", "मला ऐन वेळी सांगितलं" हेही नको. ऐकणाऱ्यांना तुमची भीती दिसत नव्हती, ती तुम्हीच दाखवली असं होतं.

शेवट. मुद्द्याचं एक वाक्य, मग "धन्यवाद" किंवा "जय हिंद, जय महाराष्ट्र". शेवट पाठ असण्याचा खरा उपयोग संकटात होतो. मध्ये सगळं विसरलं तरी पळून जायला एक ओळखीची जागा राहते.

टिपणं. मोठा कागद हातात थरथरतो आणि माइकसमोर त्याचा आवाज येतो. पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं घ्या. लग्नपत्रिकेचा कोरा मागचा भाग कापूनही चालतो. तीनपेक्षा जास्त नकोत. एकाच बाजूला लिहायचं, कोपऱ्यात ठळक क्रमांक घालायचा. एका मुद्द्याला तीन-चार शब्द. नावं, सन आणि आकडे मात्र पूर्ण लिहायचे, कारण घाबरल्यावर आधी तेच जातात. कार्ड हातभर लांब धरून वाचता आलं पाहिजे.

खबरदारी: मोबाइलवर टिपणं ठेवू नका. पडदा विझतो, मध्येच फोन येतो, आणि वर ढकलताना जागा हरवते.

भाषा. गावाकडच्या मुलामुलींना भाषणापेक्षा आपल्या बोलीची धास्ती जास्त असते. घरात "म्या", "हाय", "न्हाई" बोलणारं तोंड स्टेजवर पुस्तकी मराठी ओढून आणायला लागलं की निम्मं लक्ष शब्द सुधारण्यात जातं आणि मुद्दा हातातून सुटतो. गावातल्या सभेत, तालमीत, बचत गटात आपल्या बोलीतच बोला. लोक त्यासाठीच कान देतात. वक्तृत्व स्पर्धेत उच्चाराला गुण असतील तर आपल्या भाषणातले अडणारे शब्द तेवढे निवडा, सहसा ते दहाच्या आत असतात, आणि फक्त त्यांचाच वेगळा सराव करा. सगळी भाषा बदलायला जाऊ नका.

## टप्पा ४: तोंडाने, उभं राहून सराव

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अंथरुणात पडून किंवा गाडीवर जाताना मनात उजळणी करणं हा सराव नव्हे. आवाज निघाला पाहिजे आणि पाय जमिनीवर पाहिजेत.

पहिले दोन दिवस फक्त पहिलं मिनिट. दिवसाला दहा वेळा, वेगवेगळ्या वेळी: उठल्यावर, अंघोळीनंतर, जेवणाआधी. ते इतकं सरावाचं व्हावं की मागे कुकरची शिट्टी झाली तरी अडू नये. मग हे करून बघा: दोन मजले जिने चढा किंवा वीस बैठका मारा आणि धाप असतानाच पहिलं मिनिट बोला. स्टेजवर छाती तशीच उडणार असते. ती अवस्था आधी अंगाला माहीत झालेली असली की तिचा धसका बसत नाही. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी हे करू नये.

तिसऱ्या दिवसापासून पूर्ण भाषण कार्डं हातात घेऊन, दिवसातून दोनदा. दर वेळी मधली वाक्यं वेगळी आली तर ते चांगलं लक्षण आहे, मुद्दा डोक्यात बसलाय. तीच वाक्यं यावीत म्हणून मागे जाऊ नका.

नियम एकच: चुकलं तरी पहिल्यापासून सुरू करायचं नाही. प्रत्येक चुकीला परत सुरुवात केली की सुरुवात पन्नास वेळा होते, शेवट दोनदा, आणि चुकल्यावर पुढे कसं जायचं हे कधी शिकलंच जात नाही. अडखळलात तर थांबा, कार्ड बघा, पुढचा मुद्दा घ्या.

पाचव्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना स्वतःचा आवाज परका आणि पातळ वाटतो, सगळ्यांनाच वाटतो. एरवी आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून. तिकडे लक्ष न देता तीनच गोष्टी मोजा: एकूण वेळ, दोन वाक्यांमध्ये थांबलात का, आणि "म्हणजे", "तर", "अं" कुठे येतात. भरतीचे शब्द बहुतेक मुद्दा बदलताना येतात. तिथे शब्दाऐवजी श्वास घ्यायचा, तोंड मिटून.

वेळेचा अंदाज: सावकाश बोलताना मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. पाच मिनिटांसाठी पाचशे शब्दांच्या वर मजकूर असेल तर तो कापा. वेळ कमी पडेल ही भीती असली की वेग वाढतो, वेग वाढला की श्वास तुटतो, श्वास तुटला की आवाज कापतो.

घरात जागा नसेल, लाज वाटत असेल तर पहाटे कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या काठाने किंवा विद्यापीठाच्या आवारात चालायला जा आणि चालता चालता मोठ्याने बोला. फोनचा हेडफोन कानात घातला की कुणी वळूनही बघत नाही. मात्र शेवटचे दोन सराव उभं राहूनच करा, कारण स्टेजवर चालायला मिळत नाही.

तपासणी: एकदा मुद्दाम दोन मिनिटांची आवृत्ती बोलून बघा. फक्त नमन, सर्वांत भारी मुद्दा आणि शेवट. कार्यक्रम लांबला की "दोन मिनिटांत आटपा" अशी चिठ्ठी येतेच. ती आली तरी चेहरा पडायचं कारण उरत नाही.

## टप्पा ५: माणसांची संख्या हळूहळू वाढवा

भीती माणसांची असते, त्यामुळे माणसांशिवाय केलेला सराव कधीच पूर्ण होत नाही. आरसा मात्र नको. आरशात आपण आपल्यालाच बघत बसतो आणि लक्ष बोलण्यावरून चेहऱ्यावर जातं.

आधी एक माणूस, घरातला. मग तिघे-चौघे मित्र किंवा शेजारी, खुर्च्या समोर मांडून. त्यांना सांगून ठेवा: मध्ये बोलायचं नाही, आणि शेवटी "छान झालं" म्हणायचं नाही, काय समजलं तेवढंच सांगायचं. मग एकदा मुद्दाम त्रास द्यायला सांगा. कुणी मोबाइल बघेल, कुणी उठून जाईल, कुणी कुजबुजेल. खऱ्या सभेत हे होतंच.

भाषणाची तारीख समोर नसेल, फक्त भीती मोडायची असेल, तर पायऱ्या अशा घ्या: पालक सभेत एक प्रश्न, मंडळाच्या बैठकीत एक सूचना, ग्रामसभेत उभं राहून नाव सांगून एक मिनिट, मग कुणाचा तरी परिचय करून देणं किंवा आभार मानणं, त्यानंतर पाच मिनिटांचं भाषण. आभारप्रदर्शन ही नवख्यासाठी फार चांगली सुरुवात आहे. मजकूर हातात असतो, लोक उठायच्या बेतात असतात आणि चुकीला कुणी धरत नाही. एकेक पायरी दोन-तीनदा करा, तिथली धडधड कमी झाली की वर चढा. मधल्या पायऱ्या गाळून एकदम हजाराच्या जमावापुढे उभं केलं की माणूस पुढची काही वर्षं स्टेजकडे फिरकत नाही.

टाळत राहिल्याने भीती वाढते हेही लक्षात घ्या. दर वेळी कारण सांगून सुटका करून घेतली की मेंदू शिकतो, "पळालो म्हणून वाचलो."

## टप्पा ६: जागा आणि माइक

कोल्हापूरच्या दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन असो की गल्लीतला मांडव, लोक यायच्या आधी अर्धा तास पोहोचा आणि प्रत्यक्ष त्या जागेवर जाऊन उभे राहा. पायऱ्या कुठे आहेत, वायर कुठून गेली आहे, डोळ्यांवर दिवा किती येतो ते बघा. शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि तिथून स्टेज बघा. माणूस तिथून किती लहान दिसतो हे कळलं की थरथरत्या बोटांची काळजी निम्मी होते.

माइकचं नीट शिकून घ्या, कारण माइकने दगा दिला की पहिलं मिनिट तिथेच जातं.

- हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या उंचीला, किंचित तिरका. मधोमध दांड्याला धरा. जाळीभोवती मूठ आवळली की शिट्टी वाजते.
- उभा माइक आपल्या उंचीला करून घ्या. वाकून किंवा मान उंचावून बोललं की गळा आवळतो. स्क्रू फिरवायला स्पीकरवाल्याला सांगा, ते त्याचं कामच आहे.
- टकटक करू नका, फुंकर मारू नका. "नमस्कार" म्हणा, आवाज येतो की नाही तेवढ्यात कळतं.
- माइक घेऊन स्पीकरच्या बॉक्सपुढे जाऊ नका.
- मैदानावर लांबच्या कर्ण्यातून आपलाच आवाज उशिरा परत येतो आणि बोलणं अडखळतं. तिथे वाक्यं आणखी आखूड करा आणि प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास थांबा.

## टप्पा ७: त्या दिवशी

खाणं. दोन तास आधी हलकं जेवण: भाकरी-भाजी, इडली, उपमा. उपाशी राहू नका, थरथर वाढते. कट मारलेली मिसळ आणि तांबडा रस्सा कार्यक्रमानंतर. तिखट-तेलकटाने ढेकर आणि जळजळ येते. कोल्हापूरच्या गंगावेशीतलं दूधही आधी नको, घसा जड होतो आणि खाकरावं लागतं. ज्यांचे हात थरथरतात त्यांनी चहा-कॉफी त्या दिवशी निम्म्यावर आणावी. तंबाखू, मावा तासभर आधी बंद. निकोटिनने छाती आणखी उडते आणि तोंड वाळतं.

कपडे. नवं काही पहिल्यांदा घालू नका. कॉलर, ब्लाऊज, पट्टा सैल. करकर वाजणारी नवी कोल्हापुरी चप्पल लाकडी स्टेजवर प्रत्येक पावलाला वाजते. ती दुसऱ्या दिवशी घाला.

सत्कार. आपल्याकडे बोलण्याआधी फेटा, शाल, श्रीफळ होतं. फेटा बांधणाऱ्याला "सैल ठेवा" असं आधीच सांगा. घट्ट फेट्याने कपाळ ठणकतं आणि घाम येतो. शाल खुर्चीवर काढून ठेवून मगच बोलायला जा, नाहीतर बोलताना ती सावरण्यात हात जातो. दीपप्रज्वलनात बोटांना तेल लागतं, रुमालाने पुसून मग कार्डं घ्या.

वाट बघणं. सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो. या तासाभरात बरीच माणसं भीतीने दमून जातात. व्यासपीठावर बसून भाषण मनात घोळवू नका, त्याने विसरण्याची धास्तीच वाढते. आधीचा वक्ता काय म्हणतोय ते खरोखर ऐका आणि त्याचं एक वाक्य कार्डावर टिपा. त्याने तुमचाच मुद्दा घेतला तर सुरुवातीनंतर "आत्ताच सरांनी सांगितलं, त्यातली एकच गोष्ट मी पुढे नेतो" असं जोडून घेता येतं.

श्वास. नंबर यायच्या पाच मिनिटं आधी सुरू करा. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. पोट फुगलं पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. दहा-बारा वेळा. बाहेरचा श्वास लांब असणं महत्त्वाचं, त्याने नाडी उतरते. घाईघाईने मोठमोठे श्वास घेतले तर उलट डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात.

खबरदारी: "थरथर थांबते" म्हणून मित्राने दिलेली गोळी घेऊ नका. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं वापरली जातात. दमा, कमी रक्तदाब किंवा मंद नाडी असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकतात. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय नाही. "थोडी दारू घेतली की धीर येतो" हे तर कधीच नको. जीभ जड होते आणि आठवण आधी जाते.

## टप्पा ८: नाव पुकारल्यापासून एक मिनिट

हा क्रम घरी पाच-सहा वेळा खुर्चीवरून उठून करून बघा.

1. नाव ऐकल्यावर लगेच उडी मारून उठू नका. एक श्वास सोडा, मग उठा.
2. नेहमीपेक्षा सावकाश चाला. कार्डं डाव्या हातात.
3. पावलं एकमेकांपासून खांद्यांच्या रुंदीइतकी लांब, वजन दोन्ही पायांवर, गुडघे किंचित सैल.
4. माइक ठीक करा. पोडियम असेल तर कार्डं त्यावर ठेवा आणि बोटं कडेवर नुसती टेकवा. आवळून धरू नका.
5. समोर बघा. ओळखीचा किंवा मान डोलावणारा एक चेहरा शोधा.
6. श्वास पूर्ण बाहेर सोडा, मग आत घ्या. दोन-तीन सेकंदं शांतता राहू दे. तुम्हाला ती लांबलचक वाटेल, लोकांना वाटत नाही. उलट कुजबुज थांबते.
7. नमन. इथे थांबा.
8. पहिलं वाक्य, ठरवलेल्यापेक्षा सावकाश. पुन्हा थांबा.
9. दुसरं वाक्य दुसऱ्या बाजूच्या एका चेहऱ्याकडे बघून. भिंतीवर, छतावर किंवा लोकांच्या डोक्यावरून बघू नका. एका वाक्याला एक माणूस, मग दुसरा.

पाठ केलेली पाच-सहा वाक्यं संपेपर्यंत जवळपास एक मिनिट होतं. इथे पहिलं कार्ड बघा, उघडपणे बघा. चोरून बघितलं की घाबरल्यासारखं दिसतं.

## मध्येच अडलं तर

डोकं कोरं पडलं. शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा, थोडं बदलून. तेवढ्यात कार्डावरचा मुद्दा सापडतो. नाही सापडला तर पाण्याचा घोट घ्या. तरीही नाही, तर तो मुद्दा सोडून पुढच्यावर जा. तुमचा कोणता मुद्दा राहिला हे सभेत कुणालाच माहीत नसतं. सगळंच गेलं तर पाठ असलेला शेवट म्हणा आणि खाली या. तीन मिनिटांचं नीट संपलेलं भाषण कुणाला कमी वाटत नाही.

आवाज कापतोय. वाक्य तिथेच संपवा, श्वास बाहेर सोडा, पुढचं वाक्य थोड्या खालच्या पट्टीत आणि थोडं मोठ्याने सुरू करा. बारीक आवाजात बोललं की कंप जास्त जाणवतो.

कंठ दाटला. निरोप समारंभात हे होणारच. थांबा, खाली बघा, घोट घ्या. लोक थांबतात. "माफ करा" म्हणत बोलत राहिलात तर हुंदका आवरत नाही.

सभेत गोंधळ. वार्षिक सभेत "मंजूर, मंजूर" सुरू झालं की आवाज चढवून उपयोग नाही, घसा बसतो आणि तोल जातो. बोलायला उठतानाच विषयपत्रिकेतला क्रमांक सांगा: "अध्यक्ष महोदय, माझा प्रश्न विषय क्रमांक चारवर आहे." गोंधळ झाला तर थांबा, अध्यक्षांकडे बघून तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणा. प्रश्न एकच आणि लेखीही द्यायला तयार ठेवा. इतिवृत्तात यावा म्हणून लेखी दिलेलाच उपयोगी पडतो.

कुणी हसलं. ते तुम्हालाच हसले असं धरून चालू नका. त्या बाजूला पुढची दोन वाक्यं बघू नका, ओळखीच्या चेहऱ्याकडे परत या.

## मूल बोलणार असेल तर

आई-वडिलांनी पहिल्या रांगेत बसून ओठ हलवू नयेत. मूल तुमच्या ओठांकडे बघत बसतं आणि स्वतःची ओळ हरवतं. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा आणि शांत चेहऱ्याने बघा. भाषण शिक्षकांनी किंवा तुम्ही लिहून दिलेलं असेल तर मुलाला ते आधी त्याच्या शब्दांत सांगायला लावा. ज्या शब्दाचा अर्थ त्याला सांगता येत नाही तो शब्द काढून टाका. विसरलं म्हणून सगळ्यांसमोर बोलू नका. पुढच्या वर्षी ते नावच देणार नाही.

## झाल्यावर

त्याच रात्री, अंथरुणाला पाठ टेकण्याआधी, वहीत तीन ओळी लिहा: काय नीट झालं, कुठे अडलं, धडधड कितव्या मिनिटाला उतरली. हे न लिहिता झोपलं की मन फक्त अडलेली जागा लक्षात ठेवतं. लोकांना "कसं झालं?" असं विचारत फिरू नका. ज्याच्या मताला तुम्ही किंमत देता अशा एकालाच विचारा: "माझा मुद्दा काय होता?" आणि पंधरा-वीस दिवसांच्या आत बोलायची पुढची संधी घ्या, छोटी असली तरी. मध्ये सहा महिने गेले की पुन्हा बरंच मागे जावं लागतं.

एवढं करूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, बोलावं लागेल म्हणून नोकरीची मुलाखत, तोंडी परीक्षा, बढती टाळली जात असेल, चारचौघांत जेवणं किंवा फोनवर बोलणंही जड जात असेल, तर ही सरावाने जाणारी साधी भीती नाही. हा सामाजिक चिंताविकार असू शकतो आणि तो समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधाने, बरा होण्यासारखा असतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही मानसोपचारासाठी चौकशी करता येते. बोलायला सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक निःशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.